दोन लांबच्या एअरपोर्टमधलं ग्रेट सर्कल अंतर स्वतः कसं काढायचं

भिंतीवरच्या जगाच्या नकाशावर पट्टी ठेवून एअरपोर्ट ते एअरपोर्ट अंतर मोजणं जवळच्या फ्लाइटला एकवेळ चालून जातं, लांबच्या फ्लाइटला अजिबात नाही. हेलसिंकी आणि अँकरेज घ्या. दोन्ही एअरपोर्ट साठ-एकसष्ट अंश उत्तरेला आहेत, त्यामुळे नकाशावर एकदम सरळ आडवी रेघ येते, फिनलंडहून पश्चिमेला निघायचं, स्वीडन, नॉर्वे, अटलांटिक, ग्रीनलंडचं टोक, मग अख्खा कॅनडा आडवा पार करून अलास्का. त्या रेघेनं गेलात तर साधारण साडेनऊ हजार किमी होतात. आणि तेच उत्तर ध्रुवाच्या बाजूनं वर चढून पलीकडे उतरलात तर साडेसहा हजारांत काम होतं. तीन हजार किमीचा फरक, नुसता नकाशा सपाट असल्यामुळे.

तो छोटा रस्ता म्हणजे ग्रेट सर्कलचा तुकडा. पृथ्वीच्या बरोबर केंद्रातून आणि तुमच्या दोन्ही एअरपोर्टमधून जाईल असा एक काप मनात घ्या, तो काप पृष्ठभागावर जिथे येतो ते ग्रेट सर्कल. विषुववृत्त हे ग्रेट सर्कल आहे, सगळी रेखावृत्तं ग्रेट सर्कलचीच अर्धी आहेत, पण साठ अंशांचं अक्षवृत्त नाही, कारण त्याचा काप केंद्रातून जातच नाही. एवढं डोक्यात बसलं की बाकीची सगळी आकडेमोडच आहे, आणि खरं सांगायचं तर आकडेमोड सोपी आहे, लोक चुकतात ते फॉर्म्युल्यात नाही, फॉर्म्युल्यात काय टाकलं त्यात. म्हणून त्यावर जास्त लिहितोय.

घरात पृथ्वीगोल असेल तर आधी दोऱ्यानं करून बघा, गंमत म्हणून नाही, नंतर आलेलं उत्तर पडताळायला हे फार उपयोगी पडतं. दोरा दोन्ही एअरपोर्टवर धरून घट्ट ताणायचा, तो आपोआप सगळ्यात छोट्या रस्त्यावर सरकतो. मग दोऱ्याची लांबी पट्टीवर मोजायची. ३० सेंमी व्यासाच्या गोलाचा घेर साधारण ९४ सेंमी येतो आणि पृथ्वीचा घेर साधारण ४०,००० किमी, म्हणजे १ सेंमीला ४२५ किमी धरा. सिंगापूर ते न्यूयॉर्क दोरा ३६ सेंमीच्या आसपास भरतो, म्हणजे १५,३०० किमी. दोऱ्यानं दोनएकशे किमी इकडेतिकडे होणारच, पण कॅल्क्युलेटरनं नंतर ५,००० सांगितलं तर काहीतरी गंडलंय हे लगेच कळतं.

आता खरं काम. हेच सिंगापूर-न्यूयॉर्क घेऊ, कारण नियमित चालणाऱ्या नॉनस्टॉप पॅसेंजर फ्लाइट्समध्ये सगळ्यात लांब म्हणून हिचंच नाव निघतं, आणि चुका करायला यात भरपूर वाव आहे.

कोऑर्डिनेट्स आधी नीट घ्या

शहराचे कोऑर्डिनेट्स, म्हणजे अक्षांश-रेखांश, घेऊ नका, एअरपोर्टचे घ्या. आणि एअरपोर्ट नावानं नाही, तीन अक्षरी कोडनं शोधा. सिडनी ऑस्ट्रेलियात आहे तसं कॅनडातही आहे, सॅन होजे कॅलिफोर्नियात आहे आणि कोस्टा रिकातही, लंडन म्हटलं तर त्यात निदान पाच एअरपोर्ट निघतात. प्रत्येक एअरपोर्टचा एक ठरलेला रेफरन्स पॉइंट असतो, साधारण रनवेच्या मधोमध कुठेतरी, विकिपीडियावर किंवा अवरएअरपोर्ट्स या साइटच्या फुकट डेटामध्ये जो आकडा दिसतो तो बहुतेक त्याच पॉइंटचा किंवा त्याच्या अगदी जवळचा असतो. टर्मिनलचा धरला तरी लांबच्या अंतरात दोन-चार किमीनं कोणाचं काही बिघडत नाही, त्यामुळे तिथे कीस काढत बसू नका.

कीस काढायचा तो इथे: न्यूयॉर्कच्या जेएफकेचा अक्षांश बऱ्याच ठिकाणी ४०°३८′२३″ असा दिलेला असतो, म्हणजे ४० अंश, ३८ मिनिटं, २३ सेकंद. हे सरळ ४०.३८२३ असं टाइप करणारे खूप जण आहेत. मिनिटं साठाची असतात, शंभराची नाही. ३८ ला ६० नं भागा, ०.६३३३, २३ ला ३६०० नं भागा, ०.००६४, आणि मिळवा, ४०.६३९७. चुकीच्या आणि बरोबर आकड्यात पाव अंशाचा फरक पडतो, तो जमिनीवर साधारण २८-२९ किमी होतो. या चुकीची वाईट गोष्ट म्हणजे ती दिसतच नाही, पंधरा हजारात तीस किमी कोणाच्या डोळ्यावर येणार, उत्तर एकदम बरोबर वाटतं.

दुसरी चूक चिन्हाची. उत्तर आणि पूर्व अधिक, दक्षिण आणि पश्चिम उणे, एवढाच नियम. सिंगापूरचं चांगी एअरपोर्ट १.३६ उत्तर, १०३.९९ पूर्व, दोन्ही अधिक. जेएफके ४०.६४ उत्तर, ७३.७८ पश्चिम, म्हणजे रेखांश उणे ७३.७८. तो उणे विसरलात तर तुमचं विमान किर्गिझस्तानच्या डोंगरात उतरतं, खरंच, ४०.६४ उत्तर ७३.७८ पूर्व हा पॉइंट ओश शहराच्या पूर्वेला येतो, आणि अंतर येतं ५,३२१ किमी. दोऱ्याची पडताळणी याचसाठी. दोरा नसेल तर दोन्ही कोऑर्डिनेट्स गूगल मॅप्समध्ये पेस्ट करा आणि पिन रनवेवर पडते का बघा, अर्ध्या मिनिटाचं काम आहे पण कोणी करत नाही.

रेखांशांची वजाबाकी करताना उणेचा उणे नीट हाताळा: १०३.९९ वजा उणे ७३.७८ म्हणजे बेरीज, १७७.७७ अंश. कधी कधी हा फरक १८० च्या वर जातो, ऑकलंड १७४.७९ पूर्व आणि लॉस एंजेलिस ११८.४१ पश्चिम घेतलं तर २९३.२० येतात. घाबरू नका, ३६० मधून वजा करून ६६.८० घ्या किंवा तसाच ठेवा, कॉस दोन्हीचा सारखाच येतो.

फॉर्म्युला

कॉस(कोन) = साइन(अक्षांश १) × साइन(अक्षांश २) + कॉस(अक्षांश १) × कॉस(अक्षांश २) × कॉस(रेखांशातला फरक)

हा कोन म्हणजे पृथ्वीच्या केंद्रात बसून दोन्ही एअरपोर्टकडे बोट दाखवलं तर त्या दोन बोटांमधला कोन. तो मिळाला की झालंच.

कॅल्क्युलेटर डिग्री मोडवर आहे का ते आधी बघा, साइन ३० दाबा, ०.५ आलं तर ठीक, नाहीतर तो रेडियनमध्ये, म्हणजे कोन मोजायच्या दुसऱ्या मापात आहे आणि पुढचं सगळं वाया. आता १.३६ चा साइन ०.०२३७३, ४०.६४ चा साइन ०.६५१३०, गुणाकार ०.०१५४६. हा पहिला भाग, छोटासाच, कारण सिंगापूर जवळजवळ विषुववृत्तावर आहे. दुसरा भाग, १.३६ चा कॉस ०.९९९७२, ४०.६४ चा कॉस ०.७५८८२, १७७.७७ चा कॉस उणे ०.९९९२४, तिघांचा गुणाकार उणे ०.७५८०३. दोन्ही भाग मिळवले की उणे ०.७४२५७. उणे आलं म्हणून दचकू नका, त्याचा अर्थ एवढाच की कोन ९० अंशांपेक्षा मोठा आहे, म्हणजे अंतर दहा हजार किमीच्या वर आहे. आता शिफ्ट दाबून कॉस, म्हणजे उलटा कॉस, १३७.९५ अंश.

अंशाचे किमी करायला १११.१९५ नं गुणा. हा आकडा आभाळातून पडलेला नाही, पृथ्वीची सरासरी त्रिज्या ६,३७१ किमी धरली तर एका अंशाला तेवढे किमी येतात. १३७.९५ गुणिले १११.१९५ म्हणजे १५,३३९ किमी.

नॉटिकल माइलमध्ये हवं असेल तर आणखी सोपं, अंशाला ६० नं गुणा, ८,२७७. नॉटिकल माइल मुळात ठरलाच अक्षांशाच्या एका मिनिटावरून, नंतर तो १,८५२ मीटर असा पक्का केला. (याचे परत किमी केले तर १५,३२९ येतात, दहा किमी कमी, कारण ६० चा हिशोब थोड्या लहान पृथ्वीचा आहे. दोन्ही पद्धती एकाच कामात मिसळू नका एवढंच.) साधे माइल हवे असतील तर किमीला १.६०९ नं भागा, ९,५३३ च्या आसपास येतात. आणि कुठेही नुसतं माइल लिहिलेलं दिसलं तर कुठला माइल ते आधी विचारा, पायलट बोलतो तो नॉटिकल आणि एअरलाइनच्या पॉइंट्समधला साधा, यात पंधरा टक्के फरक पडतो.

एक्सेल किंवा गूगल शीटमध्ये करायचं असेल तर दोन गोष्टी लक्षात ठेवा. पहिली, शीटला अंश कळत नाहीत, प्रत्येक कोन रेडियन्स फंक्शनमधून घालूनच साइन-कॉसमध्ये टाकायचा, शेवटी उलट्या कॉसमधून जे येतं ते रेडियनमध्येच असतं म्हणून ते थेट ६,३७१ नं गुणलं की किमी, तिथे १११ वगैरे काही लागत नाही. दुसरी, सगळं एकाच लांबलचक सेलमध्ये कोंबू नका. पहिला भाग एका कॉलममध्ये, दुसरा दुसऱ्यात, बेरीज तिसऱ्यात, मग चुकलं तर कुठे चुकलं ते दिसतं. कंसांच्या जंगलात चिन्ह शोधत बसणं म्हणजे डोक्याला ताप.

हॅवरसाइन कधी वापरायचं

जिथे तिथे लोक याच अंतरासाठी हॅवरसाइन नावाचा दुसरा फॉर्म्युला वापरा म्हणून सांगतात. चांगला फॉर्म्युला आहे, पण त्याचा खरा फायदा जवळच्या अंतरात आहे. दोन पॉइंट अगदी जवळ असले की कॉस १ ला चिकटून बसतो, ०.९९९९९ च्या पुढचे आकडे गळाले की वरचा फॉर्म्युला भरकटतो, हॅवरसाइन तिथे टिकून राहतो. पूर्वी साइन-कॉसच्या सात-आठ आकडी छापील तक्त्यांवरून हिशोब चालायचे तेव्हा याला मोठी किंमत होती, आजच्या शीटमध्ये पंधरा आकडे असतात त्यामुळे एअरपोर्टच्या अंतरांना दोन्ही सारखेच. तरी करून बघायचं असेल तर: अक्षांशांचा फरक ३९.२८, त्याचं अर्ध १९.६४, त्याच्या साइनचा वर्ग ०.११२९७. रेखांशाच्या फरकाचं अर्ध ८८.८८५, त्याच्या साइनचा वर्ग ०.९९९६२, त्याला दोन्ही अक्षांशांच्या कॉसनं गुणा, ०.७५८३२. बेरीज ०.८७१२९, वर्गमूळ ०.९३३४, उलटा साइन साधारण ६८.९७, दुप्पट १३७.९५. तेच उत्तर. उलट दोन ठिकाणं पृथ्वीच्या बरोबर समोरासमोरच्या बाजूंना असतील तर हॅवरसाइनचीच पंचाईत होते, तो उलटा साइन ९० अंशांजवळ तितका नेमका राहत नाही, पण तशा एअरपोर्टच्या जोड्या फार कमी.

पृथ्वी पूर्ण गोल नाही, त्याचं काय

ऑनलाइन शोधलंत तर सिंगापूर-जेएफके १५,३४९ किमी असा आकडा दिसेल आणि आपला १५,३३९ आलाय. आपण चुकलो नाही, त्यांनी पृथ्वी चपटी धरलीय. जीपीएस ज्या मॉडेलवर चालतं त्यात विषुववृत्तावरची त्रिज्या ६,३७८.१ किमी आणि ध्रुवावरची ६,३५६.८, एकवीस किमीचा फरक. चपटेपणामुळे उत्तर-दक्षिण जाताना एक अंश विषुववृत्ताजवळ ११०.६ किमीचा आणि ध्रुवाजवळ १११.७ किमीचा भरतो. आपला रस्ता जवळजवळ सरळ उत्तरेला चढून ध्रुवाशेजारून पलीकडे उतरतो, म्हणजे लांब अंशांचा भाग त्याच्या वाट्याला जास्त येतो, म्हणून खरं अंतर दहा किमी जास्त. दुसऱ्या एखाद्या रूटला हाच फरक उलटाही पडू शकतो. साधारण अर्ध्या टक्क्याच्या आत चूक राहते, बहुतेक वेळा त्याहून बरीच कमी.

तेवढी अचूकता पाहिजेच असेल तर हातानं करू नका. विन्सेंटीची १९७५ ची पद्धत खूप ठिकाणी वापरात आहे, पण समोरासमोरच्या पॉइंटना ती गोल गोल फिरत बसते आणि उत्तरच देत नाही, कार्नी यांच्या २०१३ च्या पद्धतीत ही अडचण नाही आणि जिओग्राफिकलिब नावाच्या फुकट लायब्ररीत ती तयार मिळते. प्रोग्रॅमिंग नको असेल तर ग्रेट सर्कल मॅपर नावाच्या साइटवर दोन्ही कोड टाका, नकाशासकट उत्तर येतं. गूगल मॅप्सवर कॉम्प्युटरवरून राइट क्लिक करून अंतर मोजा, तीही रेघ वाकडी येते, म्हणजे ग्रेट सर्कलच.

एक पडताळणी फुकटात मिळते: कुठल्याही दोन ठिकाणांमधलं ग्रेट सर्कल अंतर २०,०१५ किमीच्या वर जाऊच शकत नाही, तो पृथ्वीचा अर्धा घेर झाला. सिडनी-लंडन १७,००० च्या आसपास, म्हणजे हेही मर्यादेच्या आतच. शीटमध्ये २४,००० आले तर पुढे बघूच नका, मागे जा.

रस्ता किती उत्तरेला जातो

हे काढायला दोन ओळी पुरतात आणि मला यात सगळ्यात जास्त मजा येते. निघतानाच्या दिशेचा साइन = कॉस(पोचायचा अक्षांश) × साइन(रेखांशातला फरक) ÷ साइन(अंतराचा कोन). आपल्या आकड्यांनी ०.०४४ येतं, म्हणजे सिंगापूरहून निघताना नाक उत्तरेपासून फक्त अडीच अंश पश्चिमेला. (याच ०.०४४ चा उलटा साइन १७७.५ अंशही असू शकतो, म्हणजे जवळजवळ सरळ दक्षिणेला, कॅल्क्युलेटर तो सांगत नाही. गोलाकडे बघून योग्य तो निवडायचा.) मग याच ०.०४४ ला निघायच्या अक्षांशाच्या कॉसनं गुणून उलटा कॉस घ्या, ८७.५ अंश. म्हणजे सगळ्यात छोटा रस्ता उत्तर ध्रुवापासून साधारण २८० किमीवरून जातो! विषुववृत्तावरून निघालेली फ्लाइट ध्रुवाला जवळजवळ घासून जाते.

प्रत्यक्षात सिंगापूरहून न्यूयॉर्कला जाणारी विमानं बऱ्याचदा त्या रस्त्यानं जातच नाहीत, पॅसिफिकवरून जातात, कारण तिथे जेट स्ट्रीम, म्हणजे उंचावरचा पूर्वेकडे वाहणारा जोरदार वारा, पाठीशी लागते आणि अंतर जास्त असूनही वेळ आणि इंधन वाचतं. ध्रुवाकडच्या रूटला वेगळ्या अटी असतात, इंधन गोठायचं तापमान सांभाळावं लागतं, उतरायला जवळ एअरपोर्ट कमी. शिवाय बंद आकाश. २०२२ मध्ये रशियाचं आकाश युरोपियन एअरलाइन्सना बंद झालं आणि फिनलंडच्या फिनएअरची टोकियो फ्लाइट साडेनऊ तासांवरून तेरा तासांच्या आसपास गेली, ग्रेट सर्कल अंतर मात्र एका मीटरनं बदललं नाही. म्हणून या आकड्यावरून फ्लाइट टाइम काढायचा असेल तर ९०० किमी ताशी धरून भागा आणि वर चढ-उतार आणि वळशांचा तास-दोन तास टाका, आपल्या उदाहरणात नुसत्या भागाकारानं १७ तास येतात आणि टाइमटेबलमध्ये अठरा तासांच्या पुढे असतात. वारा समोरून असेल तर हाही अंदाज कोसळतो.

मग हा आकडा लागतो कुठे? जिथे सगळ्यांना एकच माप हवं असतं तिथे. कार्बनचा हिशोब करताना आयकाओचा, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या विमान वाहतूक संघटनेचा, कॅल्क्युलेटर ग्रेट सर्कल अंतर घेतो आणि वळशांसाठी वर थोडे किमी टाकतो, ५५० किमीच्या आतल्या फ्लाइटला ५०, ५,५०० पर्यंत १००, त्याच्या वर १२५. युरोपियन युनियनचा २००४ चा २६१ नंबरचा नियम, फ्लाइट रद्द झाली किंवा खूप उशीर झाला तर भरपाईचा, त्यातही १,५०० आणि ३,५०० किमीचे टप्पे ग्रेट सर्कलनंच मोजायचे असं स्पष्ट लिहिलंय. तिथे मध्ये विमान बदललं असेल तर दोन्ही तुकड्यांची बेरीज करून पाठवू नका, तिथल्या कोर्टानं २०१७ मध्ये ठरवलंय की एकाच बुकिंगमध्ये पहिल्या एअरपोर्टपासून शेवटच्यापर्यंत थेट अंतर धरायचं, मध्ये कुठेही उतरलात तरी. म्हणजे शीटमध्ये दोनच ओळी भरायच्या.